शेंदराखालचा दगड

वारसा संवर्धनाच्या एम.ए.चं प्रात्यक्षिक म्हणून दिशानं खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरचा दगड आठ दिवस खपून साफ केला. बोटभर शेंदूर खरवडल्यावर आतून ढाल-तलवारवाला वीर निघाला, तशी ती हरखूनच गेली. फोटो पाहून सरांनी पाठ थोपटली. सरपंचाची सहीही घेतली होती. वस्तीला विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

नवव्या दिवशी ऊसतोडीचा टेम्पो वस्तीवर लागला. निघण्याआधी तोडीला चाललेली वस्तीवरची सविता पोरीचा हात धरून, वाटीत शेंदूर कालवून आली आणि दगडासमोर थबकली.

"म्याडम, देव कुठं गेला?"

"देव नाही तो, वीरगळ आहे," दिशा उत्साहानं म्हणाली. "गावाची गुरं वाचवताना मेलेल्या माणसाचा दगड."

"मेलेला मानूस?" सविताचा हात वाटीतच राहिला. "दरसाली पोरीला ह्याच्याच पायावर घालून, शाळंसाठी हितं ठेवून जाते मी. सासूला तर दिसतबी न्हाई; पोरीला राखतो त्यो ह्योच."

"शेंदूर परत लावता येईल," दिशा पुटपुटली.

पोरीच्या पाठीवरचं दप्तर उतरवून सवितानं सासूच्या दारात ठेवलं आणि पोरीला टेम्पोत चढवलं.