कपाटातला सात नंबर

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे. गेज म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. खुशाल विचारा. ज्या कंपनीत मी बारा वर्षं काढली, तिथल्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनाही ते कधी नीट कळलं नव्हतं.

दिसायला मी पुऱ्या लाटायच्या छोट्या लाटण्यासारखा. मधे धरायला मूठ आणि दोन्हीकडे पोलादाची गोल, गुळगुळीत टोकं. ही टोकं म्हणजे सख्ख्या जावा, दिसायला सारख्या आणि वागायला उलट. एक टोक भोकात अलगद शिरायला हवं. दुसरं कितीही लाडीगोडी लावली तरी शिरता कामा नये. पहिलं शिरलं आणि दुसरं अडलं, की भोक बरोबर मापाचं. एवढीच माझी विद्या, पण त्यात केसापेक्षा बारीक फरकही मला कळायचा.

माझा जन्म ठाण्याचा, वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यातला. तिथल्या कारागिराने मला लाल होईपर्यंत तापवलं, तेलात बुडवलं आणि मग दोन दिवस घासलं. घासताना तो चहासुद्धा प्यायला उठला नाही. पुढे मी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या या कंपनीत आलो. माझ्या मुठीवर सात आकडा कोरला गेला आणि मला सहदेवकाकांच्या हवाली केलं.

सहदेवकाका ड्रिलच्या मशीनवर काम करायचे. आमच्याकडे लिफ्टच्या ब्रेकचे हात बनतात. तुम्ही लिफ्टमध्ये शिरता, लिफ्ट मजल्यावर थांबते, तेव्हा तिला जागच्या जागी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. त्याला एक भोक असतं, भोकात पिन असते आणि त्या पिनेवर तो हात मोकळा हलावा लागतो. भोक अरुंद असलं तर पिन आवळते आणि हात वेळेवर मिटत नाही. मग लिफ्ट धरायची कुणी? म्हणून प्रत्येक भोक मी तपासायचो. काका मला फडक्याने पुसायचे, हळूच आत सोडायचे आणि म्हणायचे, "बोल बाबा, खरं काय ते." मी खरं बोलायचो.

मी सहा वर्षांचा असताना कंपनीला गुणवत्तेचं सर्टिफिकेट मिळालं. पेढे वाटले गेले. सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये घालून दारासमोर लावलं. वर्षातून एकदा बाहेरून ऑडिटर येणार, कागद बघणार, मापं बघणार, असं ठरलं. माझीही दरवर्षी प्रयोगशाळेत तपासणी होऊ लागली. पहिल्या वर्षी मी पास झालो, दुसऱ्या वर्षीही झालो. तिसऱ्या वर्षी तिथल्या माणसाने शेरा लिहिला, 'काठावर आहे, बदला.'

कंपनीने लगेच नवा गेज मागवला. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं. पण नवीन गेजाला नवीन नंबर दिला तर सगळ्या वह्या, सगळे तक्ते बदलावे लागणार. म्हणून त्याच्यावरही सातच कोरला. आणि मालकांचा मुलगा, धनेशशेठ, म्हणाला, "हा फ्लोअरवर, मशीनवाल्यांच्या हातात दिला तर महिन्याभरात वाट लावतील. कपाटात ठेवा, ऑडिटला काढू."

तुमच्याकडे असतीलच अशा कपबश्या. सोनेरी काठाच्या पाहुण्यांसाठी आणि कान तुटलेला कप घरच्यांसाठी. तसंच झालं. माझा तो जुळा भाऊ मखमली डबीत झोपायचा. दरवर्षी तो ऐटीत प्रयोगशाळेत जायचा आणि नवं स्टिकर लावून परत यायचा. फाईलमध्ये लिहिलं जायचं, 'गेज क्रमांक सात, योग्य.' कागदावर माझी तब्येत ठणठणीत होती. खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूलही त्यालाच. मी तेव्हा सहदेवकाकांच्या खिशात, विडीच्या बंडलाशेजारी.

मित्रांनो, हेवा वाटत होता, खोटं कशाला सांगू? पण हेव्यापेक्षा भीती मोठी होती. रोज शेकडो भोकांतून जाऊन जाऊन मी झिजत होतो. झिजलो की बारीक होणार. बारीक झालो की अरुंद भोकातही सुळकन शिरणार, आणि मला हातात धरणारी माणसं म्हणणार, "ओके." माझ्या तोंडून खोटं बाहेर पडायला लागलं होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

मग तो बुधवार आला. गुरुवारी सकाळी दहाला ऑडिट होतं.

कंपनीचं लग्नघर झालं होतं. जमिनीवर पिवळे पट्टे रंगवले होते आणि रंग ओला असल्यामुळे सगळे पट्ट्यांवरून उड्या मारत चालले होते. धनेश हातात कागद घेऊन एकेकाकडून गुणवत्ता धोरण पाठ करून घेत होता.

"हां काका, म्हणा."

"ग्राहकांचे समाधान, सततची सुधारणा आणि..." सहदेवकाका अडकले. "आणि वक्तशीर... नाही. वक्तशीर कायतरी आहे शेठ."

"वक्तशीर पुरवठा. उद्या असं नका करू, प्लीज."

तपासणीच्या टेबलावर वैशाली बसली होती. वैशाली आमची इन्स्पेक्टर, ठाकुर्लीहून येणारी. आठ वर्षं तिने वहीत सही केल्याशिवाय एक हात बाहेर गेला नव्हता. घरात कमावणारी ती एकटीच. तिच्यासमोर दोनशे हातांचा शेवटचा ढीग होता. दुपारचे चार वाजले होते, सहाला टेम्पो निघणार होता. ती मला भोकात सोडत होती आणि मी सुळकन जात होतो. ओके. ओके. ओके.

टेबलावर जोडणी विभागातून आलेली एक पिन पडली होती. वैशालीने सहज, काहीही मनात नसताना, ती उचलून नुकत्याच ओके केलेल्या हातात घातली. पिन अर्ध्यावर आवळली.

तिने ती काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. दुसरा हात घेतला. त्यात पिन गेली. तिसरा घेतला, आणि त्यात आवळली. मग तिने मला उजेडात धरलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. मला लपायला जागा नव्हती.

ती उठून धनेशकडे गेली. "सर, कपाटातला सात नंबर पाच मिनिटं द्याल?"

"आज? पुसून ठेवलाय तो उद्यासाठी."

"पाच मिनिटं फक्त."

जुळा भाऊ मखमलीतून बाहेर आला. तिने त्याचं शिरायचं टोक त्या पहिल्या हाताच्या भोकाला लावलं. तो दारातच अडला. जरा जोर लावला तरी हलेना. तिने टेबलाच्या खणातून लाल चिठ्ठी काढली, तिच्यावर 'वापरू नये' असं लिहिलं आणि दोऱ्याने माझ्या मुठीला बांधली. मग गेटपाशी जाऊन टेम्पोवाल्याला म्हणाली, "दादा, चढवू नका. चढवलेलं उतरवा."

धनेश धावतच आला. "वैशालीताई, काय चाललंय? उद्या ऑडिट आहे. आज लाल चिठ्ठी?"

"सर, आपला गेज झिजलाय. नक्की किती दिवस ते मला सांगता येत नाही. वहीत सगळीकडे ओके आहे आणि खाली माझी सही आहे."

"ठीक आहे ना. उद्याचा दिवस जाऊ दे. शुक्रवारी शांतपणे बघू. हा लॉट बाजूला ठेवू, कुणाला काही बोलायचं नाही."

"आणि गेल्या महिन्यात गेलेलं?"

टेम्पोवाला इंजिन बंद करू की नको म्हणून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"सर्टिफिकेट गेलं तर ऑर्डर जाईल," धनेश खालच्या आवाजात म्हणाला. "चाळीस माणसं आहेत आपल्याकडे. तुम्ही पण त्यातल्याच. कळतंय ना मी काय म्हणतोय?"

कळत होतं. वैशाली म्हणाली, "कळतंय सर. ऑडिटरला दाखवायला आपल्याकडे कपाटातला आहे. लिफ्टमध्ये उभं राहणाऱ्याला काय दाखवायचं ते तुम्ही सांगा, मी तसं लिहिते."

मागून सहदेवकाका हात पुसत आले. "शेठ, मला कळत होतं. भोक घट्ट येतंय ते. ड्रिल मारताना बोटांना जाणवतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललेलो. गेल्या वर्षी मशीन थांबवलेलं मी. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, काका, तुम्ही मशीन चालवा, अक्कल आम्ही चालवतो. म्हणून मग चालवलं मशीन."

धनेश एका रिकाम्या खोक्यावर बसला. मित्रांनो, तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. आणि घाबरलेल्या माणसाला कुणी वाईट बातमी आणून देत नाही, त्यामुळे तो आणखी घाबरतो.

शेवटी तो म्हणाला, "टेम्पो उतरवा." आणि खिशातून मोबाईल काढला.

गेल्या महिन्यातले चाळीस हात वर्तकनगरच्या बाजूला, एका नव्या इमारतीच्या कामावर गेले होते. धनेशने तिथल्या फिटरला, रघुला, फोन लावला. स्पीकरवर ठेवला.

"दोन लिफ्ट सकाळीच चालू केल्यात शेठ," रघु म्हणाला. "लोक सामान चढवतायत. आज चार घरांत पूजा आहेत."

"दोन्ही बंद कर. आत्ता."

"लोक शिव्या घालतील मला."

"माझं नाव सांग. आधी माणसं बाहेर काढ, मग ब्रेकचे हात हलवून बघ. मी फोन धरतोय."

त्यानंतरची वीस मिनिटं मी विसरणार नाही. फोनमधून जिन्यातल्या पावलांचे आवाज येत होते, कुणीतरी रघुशी भांडत होतं, एक बाई विचारत होती की फ्रिज काय डोक्यावरून नेऊ का. मी लाल चिठ्ठीसकट टेबलावर पडलो होतो. वैशाली उभीच होती. सहदेवकाकांनी विडी काढली, न पेटवता परत ठेवली.

"शेठ," रघुचा आवाज आला. "पहिलीचा मोकळा आहे. दुसरीचा अर्ध्यावर राहतोय. धक्का दिला की मिटतो. नाही दिला की नाही मिटत."

धनेशने डोळे मिटले. "आत कोण नाही ना?"

"नाही. एक म्हातारे बाबा होते, त्यांना काढलं. ते अजून मला बोलतायत."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ऑडिटर आल्या, योगिनी मॅडम. चष्मा नाकावर, आवाज मऊ, नजर सुईसारखी. त्यांनी फाईल उघडून गेजचा तक्ता काढायच्या आतच धनेशने आम्हा दोघा भावांना त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे दोन्ही सात नंबर?" त्यांनी विचारलं.

"हो. एक तुमच्यासाठी होता, एक आमच्यासाठी," धनेश म्हणाला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "शेरा बसणार, आणि मोठाच बसणार. तीन महिने देते. तोवर दुरुस्त झालं नाही तर सर्टिफिकेट थांबेल." मग त्या सहदेवकाकांकडे वळल्या. काका मनातल्या मनात धोरण जुळवायला लागले. पण मॅडमनी वेगळंच विचारलं. "भोक घट्ट येतंय हे तुम्हाला कळलं, तेव्हा ते कुठे लिहिलंत?"

"लिहायला जागा नव्हती मॅडम. वहीत ओके आणि नॉट ओके, दोनच रकाने आहेत. मला शंका होती."

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

त्यानंतर कंपनीत काय बदललं, असं विचाराल तर भिंतीवर काहीच नाही. आधी बाहेर गेलेले हात परत मागवून तपासले गेले. वहीत 'शंका' असा तिसरा रकाना आला. माझ्या भावाला नवा नंबर मिळाला आणि तो मखमलीतून उठून मशीनवर आला. पहिल्याच आठवड्यात त्याला तेलाचे डाग पडले आणि तो मला जरा देखणा वाटायला लागला. कपाटाची किल्ली वैशालीकडे गेली. आणि धनेश रोज सकाळी मशीनपाशी येऊन विचारू लागला, "काल काय बिघडलं?" पहिले दोन दिवस कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सहदेवकाका म्हणाले, "माझ्याकडून अकरा जॉब फुकट गेले, भंगारात टाकावे लागले." धनेशचा चेहरा लाल झाला. सगळे बघत होते. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. कशामुळे गेले?"

मला विचाराल तर खरं सर्टिफिकेट त्या दिवशी मिळालं. शेरा उठल्याचा कागद नंतर, तिसऱ्या महिन्यात आला.

आता राहिलो मी. नियम असा आहे, की झिजलेला गेज मोडून टाकायचा. सहदेवकाकांनी आज सकाळी मला वाईसच्या लोखंडी जबड्यात आवळलं, ग्राइंडर हातात घेतला आणि थांबले. "वैशाली, घरी नेतो ना याला. देव्हाऱ्याशेजारी ठेवीन. बारा वर्षं होता हातात."

"काका, घरून तो कधीतरी तुमच्या डब्याच्या पिशवीतून इथे येईल. घाईच्या दिवशी कुणीतरी उचलेल." तिने वही उघडली. "नको."

मित्रांनो, माझ्यासारखे जुने जीव गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मी खरं बोलत होतो तेव्हा मला पुसायला हवं होतं, तपासायला हवं होतं, आणि मी थकलो तेव्हा वेळेवर सोडायला हवं होतं. माया करायची ती अशी. तुमच्याकडेही असं काहीतरी असेल, जे रोज 'ओके' म्हणतंय आणि ज्याच्याकडे कुणी उजेडात धरून बघितलेलं नाही. आजच बघा. आणि कुणी येऊन सांगितलं की काहीतरी घट्ट लागतंय, तर आधी त्याला बसायला स्टूल द्या.

सहदेवकाकांनी चष्मा लावलाय. चाक फिरायला लागलंय. काका, हात कापू देऊ नका. वैशाली, तू वहीत लिही, गेज क्रमांक सात, नष्ट केला. आणि खाली सही कर. ही सही अगदी खरी आहे.