चषकावर घातलेलं नाव

टेनिस स्पर्धेचा इतिहास खेळाडू घडवतात, असं अध्यक्ष दरवर्षी गंभीर चेहऱ्याने सांगत. प्रत्यक्षात तो प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत, फाटक्या जाळ्यांशेजारी घडे. तिथे नावं घालणारा बसे. एरवी तो पेनांवर आणि घड्याळांवर नावं घाली. या दिवसांत चषकावर. सामना संपून विजेता चषकापाशी येईपर्यंत नाव तयार हवं. कामात असताना टीव्हीकडे पाठ व्हायची, म्हणून निकाल सांगायला यंदा त्याने मेहुण्याला आणलं होतं.

काल बायकांची अंतिम लढत दोन सेटमध्ये सुरळीत पार पडली. आज पुरुषांच्या लढतीत मेहुणा ओरडला, "दाजी, दोन्ही सेट उंचाड्याने मारले! घाला नाव!"

नाव घालून झालं. चांदीचा कीस फुंकताना वरून चेंडूचे ठोके ऐकू आले.

"अरे, हे अजून का खेळतायत?"

"दाजी…" मेहुणा टीव्हीजवळ सरकला. "पुरुषांना तीन सेट जिंकावे लागतात म्हणे."

"कोण म्हणे?"

"टीव्ही."

चषक शतकभर घासून घासून पापुद्र्यासारखा झाला होता. खोडायला गेलं तर भोकच पडलं असतं. उंचाड्याने तिसरा सेट घालवला, मग चौथा. दाजींनी चषकावर फडकं टाकलं.

"पूर्वी बरं होतं," मेहुणा धीर द्यायला म्हणाला. "गतविजेता थेट शेवटच्या सामन्याला उगवायचा. बाकीच्यांनी घाम गाळायचा, हा आयत्या ताटावर. जावयासारखा."

"जावयाचं काम जातंय इथे. तू तोंड मिट."

पाचव्या सेटमध्ये सहा-सहा झाले.

"आता रे?"

"आता दहा गुणांचा टायब्रेक. पूर्वी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत बसायचे म्हणे. अंधार पडला तर उद्या."

"परत 'म्हणे' म्हणालास तर बघ!"

नऊ-आठ, उंचाडा पुढे. उंचाड्याच्या प्रतिस्पर्ध्याने पहिली सर्व्हिस जाळ्यात मारली. मग दुसरीही. गुण उंचाड्याला, आणि सामनाही.

दाजींनी चषक मांडीवर घेतला. त्यांना मेहुण्याला मिठी मारावीशी वाटली. ती त्यांनी आवरली.

दार वाजलं. चषक न्यायला आलेल्या साहेबांनी फडकं उचललं.

"अरे वा! इतक्यात झालंसुद्धा?"

"हात बसलाय," दाजी म्हणाले.

उंचाड्याने चषक उंचावला तेव्हा नाव त्याच्या तळव्याखाली होतं. संध्याकाळी चषक कपाटात परत गेला. विजेत्याला घरी न्यायला छोटी प्रतिकृती देतात. तिच्यावर नाव नसतं.