ओरडायचं काय?

घरामागचा ऐनाचा वृक्ष उभ्या उभ्या वाळला होता आणि आता कलला होता तो नेमका हौशीच्या नव्या स्वयंपाकघरावर. तोडायची परवानगी आली तसा तिचा नवरा जिवा चेनसॉ घेऊन सज्ज झाला. ठाण्यात झाडं कापायला जाऊन शिकलेला गडी. मशीन हातात आली की त्याचा रुबाब काय वर्णावा! डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाळी आणि तोंडात हुकूमच हुकूम.

“झाड शेताकडं पाडायचं. त्या अंगाला आधी खाच. मग मागून काप, पण आरपार नाय. मधी पट्टी राखायची, तीच दाराच्या बिजागरीसारखी झाडाला वळवते. माझी पळवाट मागं तिरकी. तिथं कुणी कडमडू नका!”

दोर धरायला दीर हेमराज, शेजारचा पुंजा आणि तुका, झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब उभे. हौशीला काम मिळालं शेंड्यावर नजर ठेवायचं.

“माझं ध्यान बुंध्यात असणार. वर वाळकी फांदी हलली की ओरड.”

ओरडायचं काय, हे मात्र त्या शहाण्याला सुचलं नाही. तिलाही नाही.

मशीन गुरगुरली. खाच पडली, मागचा काप झाला. जिवानं मशीन बंद केली, कानांवरची झाकणं सारली आणि पाचर ठोकायला घण उचलला. ठक्! वर एक वाळकी फांदी हलली. ठक्! ती सुटत आली, बरोब्बर त्याच्या डोक्यावर.

“अहो!” हौशी ओरडली.

हेमराजनं वळून पाहिलं. पुंजानं पाहिलं. तुका तर “काय गं?” म्हणाला! आणि जिवा? त्याला वाटलं, पुंजाची गोजाबाई जेवायला हाका मारतेय. त्यानं पुन्हा घण उचलला.

“अहो, अहो!”

तिघंही आपापली बायको शोधू लागले. लग्नापासून हौशीनं नवऱ्याचं नाव म्हणून काढलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा पदर तोंडात धरून पुटपुटली होती. पण आता लाजत बसली तर नवराच जायचा!

“जिवाऽऽ! पळ रे मेल्या!”

जिवा असा दचकला की घण तिथंच टाकून पळवाटेनं सुसाट सुटला. तो उभा होता तिथं फांदी धाडकन आदळली. वर ऐनही करकरला. “ओढा!” हेमराज ओरडला, दोर ताणला आणि झाड डौलात वळून शेतात आडवं झालं.

हौशी धावत गेली. आधी नवऱ्याच्या छातीवर दोन बुक्क्या घातल्या, मग रडता रडता हसायलाच लागली.

“वहिनी, मेल्या म्हणालीस की गं!” तुकानं छेडलं.

जिवाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण डोळे हसत होते. “मेल्या ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “आधीचं काय ते, अजून एकदा म्हण.”

हौशीनं म्हटलं. चारचौघांत, मोठ्यानं. आणि ते तिला इतकं गोड लागलं की ती थांबेचना.