मेंढीचा शब्द

सकाळपासून तीनदा बांधली, तरी मेंढी त्या पिल्लाला लाथच मारत होती. वाऱ्यानं धूळ उडत होती, डोळे उघडवत नव्हते. पिल्लू दोन दिवसांचं, त्याची आई मेलेली. या मेंढीचं पिल्लू मेलेलं. मेंढीला वास ओळखीचा वाटावा म्हणून त्या मेलेल्याचं कातडं मी याच्या पाठीवर बांधलं, वर मीठ चोळलं. गुरांची डॉक्टरकी शिकताना जे शिकवलं होतं ते संपलं.

"तुझ्या पुस्तकात गाणं न्हाई व्हय, सूनबाई?" शेजारच्या तंबूतले दाम्बाकाका म्हणाले.

"मग तुम्हीच गा की, काका."

ते एकच शब्द सुरात घोळवत गायला लागले. मेंढीनं मानही वळवली नाही.

"अवो, ह्यो बकरीचा शब्द!" माझा नवरा गालसान ओरडला. "मेंढीला 'तोइग' म्हनत्यात. जनावरांत म्हातारं झालात न् एवढं ठावं न्हाई?"

"मंग तू म्हन की. तुझ्या आईचाच हायेस ना?"

गालसाननं आमच्या तंबूकडं पाहिलं. या वस्तीत 'तोइग' म्हणावं ते आईंनीच. शब्दाला अर्थ नाही; मेंढीनं परकं पिल्लू आपलं म्हणावं, एवढ्यासाठीच तो.

पण हिवाळ्यात आईंना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. तेव्हापासून गालसान रोज त्यांच्यापुढं बसतो. "आई, मी कोण? माझं नाव घे." त्या नुसत्या बघतात. मेंदूचा तो भाग मेलाय, आशा धरू नकोस, असं मी त्याला एकदाच सांगितलं. त्यानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

आता गालसाननं आईंना तंबूतून उचलून आणलं, मेंढीजवळ बसवलं.  मग त्यांचा डावा हात लोकरीत शिरला.

"तोइग... तोइग... तोइग..."

सूर स्वच्छ होता. हळूहळू मेंढीनं मान खाली घातली, पिल्लाला हुंगलं. पिल्लू पिऊ लागलं, त्याचं शेपूट थरथरलं.

"वाचा आली!" दाम्बाकाका उठलेच. "इचार, पोरा, आत्ताच इचार!"

गाणं मेंदूत वेगळ्या जागी असतं, ते आलं म्हणजे बोलणं आलं असं नाही, हे मला माहीत होतं. मी पिल्लालाच आधार देत राहिले.

गालसान धुळीत गुडघ्यांवर बसला. "आई, मी कोण गं?"

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. लोकरीतला हात काढून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"तोइग," त्या म्हणाल्या.

"माझं नाव घे ना, आई."

"तोइग, तोइग."

दाम्बाकाकांनी तोंड फिरवलं. गालसाननं डोकं तसंच खाली ठेवलं. मी पिल्लाच्या पाठीवरचं कातडं सोडायला लागले.