शंभरातले साडेतीन

मी एक जुनी इस्त्री आहे. घरात हाताने फिरवतात तसली नव्हे, मित्रांनो. दोन उंच माणसे डोक्याला पाय लावून आडवी झाली तर जेवढी जागा लागेल, तेवढी माझी लांबी. जाड कापडात गुंडाळलेला एक रूळ माझ्या पोटात फिरतो आणि त्याच्याखाली पन्हळीसारखा लोखंडी पत्रा तापलेला असतो. पुढून ओली, चुरगळलेली चादर द्या, मागून ती कोरी करकरीत निघते. माणसांच्या व्यवहारातल्या सुरकुत्या मात्र मला कधी काढता आल्या नाहीत. ही हकिगत त्याच व्यवहाराची आहे. सांगताना माझा आवाज चढला, तर तो वाफेचा आहे असे समजू नका. रागाचाच आहे.

कारखान्यात मला एका मोठ्या इस्पितळासाठी बनवले होते. गाडीत चढवताना माझ्या रंगावर हातभर ओरखडा आला आणि त्यांनी मला नाकारले. तेव्हा आप्पा आले. त्यांना नवीन लाँड्री काढायची होती आणि खिसा बेताचा होता. त्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "याने काही चादर फाटत नाही." भरपूर घासाघीस करून त्यांनी मला घरी नेले.

घरी म्हणजे गल्लीच्या टोकाला तीन खोल्या. पहिलीत गाठोडी सोडायची, दुसरीत कपडे धुवायचे, तिसरीत मी. त्याच वर्षी मावशी कामाला लागल्या. मावशी चादर माझ्यापुढे धरताना अशी झटकायच्या की चारही कोपरे मुकाट्याने सरळ व्हायचे. दर शनिवारी आप्पा माझ्या पत्र्यावरून मेणाचे फडके फिरवायचे, म्हणजे चादर चिकटत नसे. गिऱ्हाईक घडीवर हात फिरवून "वा!" म्हणाले, की आप्पा माझ्याकडे आणि मावशींकडे बोट दाखवायचे. स्वतःकडे कधी नाही.

आप्पा गेल्यावर कारभार त्यांच्या मुलीकडे आला. तिला सगळे ताई म्हणत. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, कागदपत्रांचा कंटाळा. तो आपल्या टेम्पोतून चादरी पोहोचवायचा आणि त्यातच खूश असायचा. ताई कष्टाळू होती, शब्दाची पक्की होती आणि थोडी हट्टी होती. बापाच्या वळणावर गेलेली.

आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्टेशनासमोरच्या लॉजचे मालक. रोज दोनशे चादरी. माणूस हसरा, बोलका, दारातूनच "काय मावशी, तब्येत?" असे विचारणारा. पण पैशाचा विषय निघाला, की त्यांचे एकच उत्तर: "उद्या नक्की!" म्हणून दादाने त्यांचे नाव उद्याराव ठेवले होते. अकरा वर्षे त्यांचा उद्या उशिरा का होईना उजाडायचा. त्या भरवशावर ताईने नवा बॉयलर घेतला. त्याचे कर्ज तिने स्वतःच्या नावावर काढले. कर्ज देणारा तरुण गोड हसत म्हणाला, "इथे, इथे आणि इथे सही." पाच मिनिटांत काम झाले. दिवाळखोरीच्या सोप्या सहीबद्दल लोक एवढे बोलतात, मित्रांनो, पण कर्ज काढायच्या या सोप्या सहीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

मग एका वर्षी उद्या उजाडायचा थांबला. नऊ महिने बिले साचली. उद्यारावांनी त्याच काळात लॉजच्या दिवाणखान्यात नवे सोफे आणले. रोज चादरींवर जगणाऱ्या माणसाला अंथरूण पाहून पाय पसरता येऊ नयेत, याला काय म्हणावे? दादा कुरकुरायचा. ताई म्हणायची, "जुनं गिऱ्हाईक आहे. तोडून कसं चालेल?"

आणि एके दिवशी पत्र आले. उद्यारावांनी दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि तो मंजूरही झाला होता. ज्यांचे येणे असेल त्यांनी सभेला यावे, असे पत्रात लिहिले होते. ताई गेली आणि दुपारी परत आली. चपला न काढताच ती माझ्यासमोर उभी राहिली.

"किती मिळणार?" मावशींनी विचारले.

"शंभरातले साडेतीन."

"साडेतीन काय?"

"शंभर येणं असेल तर साडेतीन मिळणार. बाकीचे बुडाले. आणि तो बसला होता समोर, खाली मान घालून. एक सही केली आणि मोकळा! मग आम्ही काय वेडे म्हणून हप्ते भरतो?" तिने माझ्या अंगावर एवढ्या जोराने हात आपटला की माझा पत्रा झणझणला. राग त्यांच्यावर आणि मार मला! पण त्या दिवशी मला तो लागला नाही. माझ्याही पोटात तोच राग होता. नऊ महिन्यांच्या चादरी, म्हणजे किती असतील बघा. प्रत्येक चादर माझ्या अंगावरून गेली होती.

त्यानंतर तीन वर्षे ताईने बॉयलरचे कर्ज फेडण्यापायी जिवाचे रान केले. हातातल्या बांगड्या विकल्या. पहिली खोली भाड्याने दिली. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज काढले आणि दुसऱ्याचा भरायला तिसरे. फोन वाजला, की तिच्या तोंडचे पाणी पळायचे. मेणाचे फडके दर शनिवारऐवजी महिन्यातून एकदा फिरू लागले, मग तेही थांबले. माझ्या रुळावरचे कापड झिजून चिंधी झाले. मी करकरायला लागले. कोणाला ऐकू आले नाही असे नाही. ऐकू येऊनही सगळे गप्प होते.

दादा एकदा म्हणाला, "तायडे, आता पुरे. तूही अर्ज कर."

"मी उद्याराव नाही!"

"अगं, पण बुडत्या नावेत आणखी किती जणांना बसवणार आहेस?"

"मी एकेक पै फेडीन. आप्पांची मुलगी आहे मी."

मला तेव्हा तिचे कौतुक वाटले होते, हे कबूल करते. आज वाटत नाही. कारण त्याच काळात मावशींचा पगार चार महिने थकला होता. मावशींनी विचारले, की ताई म्हणायची, "पुढच्या महिन्यात नक्की." ही "पुढच्या महिन्यात" म्हणजे "उद्या"चीच थोरली बहीण! सावकाराचा हप्ता चुकला तर अब्रू जाते, आणि मावशींचा पगार चुकला तर चालतो? मावशी काय, घरच्याच. घरच्यांचे कर्ज कोणी कर्जात धरत नाही.

माझ्या तोंडापाशी एक आडवी दांडी आहे. हात चुकून आत जायला लागला की तो त्या दांडीला टेकतो आणि मी जागच्या जागी थांबते. तिचे बटण बिघडले होते. दुरुस्त करणाऱ्याने सांगितलेली रक्कम फार नव्हती, पण तिच्या आड नेहमी हप्त्याची तारीख यायची. "जपून काम करा, मावशी," एवढे सांगून ताईने पाच महिने काढले.

मग एका दुपारी एका चादरीची कड दुमडली. मावशी ती सरळ करायला पुढे झाल्या आणि त्यांची बोटे चादरीबरोबर ओढली गेली. त्यांचे मनगट दांडीवर दाबले गेले. मी थांबायला हवे होते. मी थांबले नाही. दादाने धावत जाऊन भिंतीवरचा मुख्य खटका पाडला, तोवर मावशींच्या उजव्या हाताची तीन बोटे भाजून निघाली होती. मित्रांनो, यंत्राला रडता येत नाही, हे एक बरे आहे असे म्हणतात. मुळीच बरे नाही.

दादाने टेम्पो विकून मावशींचा इलाज केला. आणि आठवड्याभरात ताईने तो अर्ज केला, ज्याला ती तीन वर्षे शिव्या घालत होती.

आता सोपे काय असते ते ऐका. कोर्टाने नेमलेला एक अधिकारी चष्मा पुसत आमच्याकडे आला आणि प्रत्येक वस्तूवर आकडा चिकटवत गेला. माझा आकडा चौदा. तो वाईट नव्हता, पण प्रश्न विचारायचे त्याचे कामच होते.

"गेल्या वर्षी हे चपलांचे दोन जोड कशाला?"

"एक आईचा होता."

"आणि ही औषधं? हा सहलीचा खर्च?"

"सहल नव्हती ती. आईला तपासायला दुसऱ्या गावी नेलं होतं."

प्रत्येक उत्तरासरशी ताईचा आवाज बारीक होत गेला. तरीही, मित्रांनो, मला तिची फक्त कीव आली असे सांगितले तर मी खोटी ठरेन. कोपऱ्यातल्या स्टुलावर मावशी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचे नाव येणेकऱ्यांच्या यादीत होते. प्रश्न ताईला विचारले जात होते. मावशींना काय वाटते, हे कोणीच विचारले नाही.

लिलावाच्या दिवशी एका कार्यशाळेच्या मास्तरांनी मला विकत घेतले. यंत्रे दुरुस्त करायला शिकवतात, तसली कार्यशाळा. मला उचलायला हमालांची टोळी आली. तिच्यातला एक जण पट्टा माझ्या पोटाखालून ओढता ओढता थबकला. उद्याराव! केस पिकलेले, खांद्यावर मळका टॉवेल.

ताईने त्यांना पाहिले, त्यांनी ताईला.

"सभेत तुम्ही मला म्हणाला होतात, 'सुटलात एका सहीवर,'" उद्याराव म्हणाले. "आता तुम्हीच सांगा ताई, सोपं होतं का?"

"नाही," ताई म्हणाली. "दिवाळखोरांच्या यादीत नाव लागलं. स्वतःचा धंदा काढता येणार नाही. परवा एक खोली बघायला गेले, तर मालकाने नाव ऐकून दार लोटलं. इस्पितळाच्या लाँड्रीत पगारावर लागलेय."

"मग झालं तर! मीही तेच भोगलं. आता तरी राग सोडा."

"नाही सोडणार." ताईचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. "तुमच्या सहीचा मला राग नाही, काका. सही करायलाच हवी होती, आधीच करायला हवी होती. पण नऊ महिने तुम्हाला माहीत होतं. माहीत असून रोज सकाळी तुम्ही गाठोडी पाठवलीत आणि मावशींना तब्येत विचारलीत. एकदा खरं बोलला असतात, तर मी त्या दिवसापासून चादरी घेणं थांबवलं असतं. एवढं सगळं झालंच नसतं."

उद्यारावांनी मान खाली घातली. "बोलायची लाज वाटत होती," ते पुटपुटले.

"आणि तुला गं?"

हा आवाज मावशींचा होता. लिलावात काय येते यावर त्यांचा पगार अवलंबून होता, म्हणून त्या सकाळपासून दारात उभ्या होत्या.

ताई वळली.

"चार महिने मी तुझ्याकडे फुकट राबले," मावशी म्हणाल्या. "पगार जमणार नाही, हे तुला माहीत होतं का नव्हतं?"

"मावशी, मला माफ..."

"माफीचं नंतर बघू. माहीत होतं का?"

ताईने माझ्या रुळाला घट्ट धरले. "होतं."

"बटणाचंही?"

"तेही माहीत होतं."

मावशींनी मोठा श्वास सोडला. "साहेब म्हणाले, मला अडीच महिन्यांचे मिळतील. उरलेल्या दीड महिन्याचे कायद्याने पुसले. मी नाही पुसले. ते मला तुझ्याकडून हवेत. कधी देशील?"

ताईच्या ओठांवर काहीतरी आले. "पुढच्या" एवढाच शब्द मला ऐकू आला. तो तिने गिळला आणि मनातल्या मनात काहीतरी मोजले.

"दोन वर्षं तरी जमणार नाही, मावशी. त्यानंतरही थोडे थोडेच."

"चालेल," मावशी म्हणाल्या. "निदान रोज वाट तरी बघत बसणार नाही." आणि त्या निघून गेल्या. त्यांनी माफ केले की नाही, मला ठाऊक नाही. तोवर मला गाडीत चढवले होते.

आता मी कार्यशाळेत आहे. पहिल्याच दिवशी मास्तरांनी माझे बटण बदलले. अर्धा तास लागला. अर्धा तास! त्या दिवशी मला जेवढा संताप आला, तेवढा शंभरातले साडेतीन ऐकतानाही आला नव्हता.

मागच्या आठवड्यात इथल्या मुलामुलींनी वाद घातला. दिवाळखोरी ही कर्जातून सुटायची फार सोपी वाट आहे का? अर्धे हो म्हणाले, अर्धे नाही. दोन्हीकडून टाळ्या पडल्या. मला ओरडून सांगावेसे वाटत होते: अरे, ज्या मावशीचा पगार बुडाला तिला विचारा, जिला खोली मिळत नाही तिला विचारा, दोघींची उत्तरे एका दमात ऐका, आणि मग टाळ्या वाजवा. दिवाळखोरीचे ते दार असायलाच हवे. नाहीतर माणसे हप्ते भरता भरता दुसऱ्यांची बोटे भाजतात. पण त्या दारापर्यंत जे हसत हसत, लपवत लपवत जातात, त्यांच्या मागे कितीतरी लोक चिरडले जातात.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. यंत्राची करकर ऐकू आली, तर त्याच दिवशी बघा. आणि कोणाचे देणे आपल्याला जमणार नाही असे कळले, तर त्याच दिवशी त्याच्या दारात जाऊन तसे सांगा. लाज वाटेल. वाटू द्या. मला सगळे दिसत होते, सगळे ऐकू येत होते, तरी मी गप्प राहिले. कारण मला जीभ नाही. तुम्हाला आहे.