कोऱ्या चहाची एक्केचाळीस मतं

विजयसिंह साखर कारखान्याच्या संचालकपदाला उभा राहिला तेव्हा त्याचं वजन अठ्ठ्याण्णव किलो होतं. बारामतीच्या डॉक्टरनं त्याला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: गोड कमी करा, रोज तासभर चाला, आणि चहा सुटत नसेल तर ग्रीन टी घ्या, बिनसाखरेचा. पहिल्या दोन गोष्टींत माणसाला स्वतःला काहीतरी करावं लागतं. विजयसिंहानं तिसरी उचलली.

उचलली ती थेट डोक्यावरच घेतली. मोबाइलवर चार व्हिडिओ बघून आठवड्याभरात तो बावडा गावातला त्या विषयाचा जाणकार झाला. चरबी वितळते, रक्तवाहिन्या साफ राहतात, काळीज घोड्यासारखं पळतं. डॉक्टर एवढंच म्हणाला होता की दूध-साखर पोटात कमी जाईल, तोच खरा फायदा. ते वाक्य विजयसिंहानं गाळणीतच राहू दिलं.

करायची रीत त्यानं बायकोकडून, माधवीकडून पाठ करून घेतली. पाणी खळाखळा उकळू द्यायचं नाही. बुडाला बारीक बुडबुडे धरले की गॅस बंद. कपाला चमचाभर पानं टाकायची, झाकण ठेवायचं, अडीच-तीन मिनिटांनी गाळायचं. जास्त वेळ ठेवलं तर कडू. सगळं करणार माधवी, घड्याळ धरून उभा राहणार हा.

"काढू का झाकण?"

"अजून चाळीस सेकंद."

"तेवढ्यात माझी भाकरी थापून झाली असती."

दुपारच्या जेवणानंतरचे दोन पेढे मात्र चालूच होते. ग्रीन टी घेतल्यावर ते अंगाला लागत नाहीत, असं त्याचं मत होतं.

आता निवडणुकीचं. समोर संभाजी उभा होता, आणि दोघांचं पारडं असं समसमान होतं की सगळा खेळ तात्याबाच्या भावकीवर येऊन थांबला होता. भावकीत सभासद एक्केचाळीस. तात्याबा सांगेल तिकडं एक्केचाळीसही शिक्के पडायचे, एकही इकडंतिकडं व्हायचा नाही. मतदानाला तेरा दिवस असताना तात्याबा सात माणसं घेऊन विजयसिंहाच्या ओसरीवर आला. शब्द द्यायलाच आला होता. शब्द द्यायचा नसता तर माणूस एकटा येतो.

"तात्याबांना दुधाचा करते," माधवी आतून म्हणाली.

"न्हाय. संचालक होनाऱ्यानं लोकांना चांगली सवय लावायची असती."

आठ कप आले. तात्याबानं कपात बघितलं. पिवळसर, पातळ, तळ दिसत होता.

"दूध फाटलं का?"

"ह्यात दूध नसतंय, तात्याबा."

"आन साखर?"

"साखर तर अजिबात न्हाय."

तात्याबानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोन गेलं?"

आपल्याकडं बिनदुधाचा कोरा चहा मिळतो तो मयताच्या घरी. शेजारी उकळून आणतात. आपण जमिनीकडं बघत दोन घोट घ्यायचे आणि उठायचं. उठताना 'येतो' म्हणायचं नाही, घरच्यांनी 'या' म्हणायचं नाही. आणि अशा घरात व्यवहाराचा शब्द काढायचा नाही, हे तर लहान पोरालाही कळतं.

"कुनी गेलं न्हाय," विजयसिंह म्हणाला. "तब्येतीसाठी हाय हे." आणि त्यानं चरबीपासून काळजापर्यंत सगळं ऐकवलं.

तात्याबानं शांतपणे ऐकून घेतलं. दोन घोट घेतले, टोपी घातली आणि उठला. 'येतो' म्हणाला नाही. सातही जण मागोमाग उठले. त्यातल्या अविराजनं तर फाटकाजवळच्या नळावर पाय धुतले. मतांचा विषय निघालाच नाही. निघणार कसा?

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या बाजारात संभाजी भेटेल त्याला सांगत होता, "ज्याच्या घरात साखर चालत न्हाय, त्यो आपल्या उसाचं काय भलं करनार?" त्यात उसाचा प्रश्न कुठं आला, हे कुणी विचारलं नाही.

विजयसिंह संध्याकाळी तात्याबाच्या घरी गेला. तात्याबाची बायको फुलाबाई चहा घेऊन आली. म्हशीचं दूध, चमचा उभा राहील एवढी साखर. ओसरीवर भावकी बसलेली, सगळ्यांचे डोळे कपावर. विजयसिंहानं कप संपवला.

"अजून घ्या."

त्यानं घेतला. तिसराही घेतला.

"संभाजीराव सकाळी चार प्याले," अविराज सहज बोलल्यासारखा म्हणाला.

विजयसिंह पाच प्याला. सगळं आरोग्य त्यानं एका बैठकीत मतांवरून ओवाळून टाकलं, आणि खरं सांगायचं तर पाचही कप त्याला गोड लागले.

निघताना तात्याबा त्याच्याबरोबर गाडीपर्यंत आला. मागं वळून कुणी ऐकत नाही ना बघितलं.

"इजयसिंगराव, त्यानं पोट खरंच उतरतंय?"

"उतरतंय की."

"किती दिसात?"

"दहा दिसात फरक," विजयसिंहानं ठोकून दिलं. स्वतः तो डॉक्टरकडून आल्यापासून काट्यावर चढला नव्हता.

"मग पुडी धाडा एक. फरक पडला तर एक्केचाळीस तुमची. पर चारचौघांत बोलायचं न्हाय."

विजयसिंहानं रात्रीच्या आत पुडी पोचवली आणि तात्याबाच्या कानात सगळी रीत सांगितली: उकळायचं नाही, दूध नाही, साखर नाही, तीन मिनिटं. तात्याबानं प्रत्येक गोष्टीला मान हलवली.

मग तात्याबा घरात गेला, पुडी फुलाबाईच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाला, "ह्याचा चा करत जा मला. दिसातनं तीनदा."

बास. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यानं चुलीपाशी जाऊन बायकोला चहा कसा करायचा हे सांगितलं नव्हतं, ते आता काय सांगणार? आणि बिनदुधाचा कर म्हटलं असतं तर त्या बाईनंही विचारलं असतं, कोण गेलं. फुलाबाईनं पानं पातेल्यात घातली, म्हशीचं दूध ओतलं, दहा मिनिटं रटारटा उकळलं. कडू झालं म्हणून साखर नेहमीच्या दीडपट घातली. तात्याबा दहा दिवस दिवसातनं तीनदा हे प्याला. नेहमीचा चहा वेगळाच.

मतदानाच्या आदल्या दिवशी तो खताच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहिला. पुडी सुरू करताना केलेल्या वजनापेक्षा अडीच किलो जास्त भरलं.

"ज्याच्या पाल्यात गुन न्हाय," तो भावकीला म्हणाला, "त्याच्या शब्दात काय असनार?"

विजयसिंह त्रेसष्ट मतांनी पडला. ती एक्केचाळीस संभाजीकडून इकडं आली असती तर एकोणीसनं आला असता. त्यानं हे गणित महिनाभर सगळ्यांपुढं मांडलं. कधी पॅनेलचं चुकलं, कधी चिन्हाचं, कधी अविराजनं पाय धुतले त्याचं. त्या पाल्यात दूध किती आणि साखर किती पडली हे एकट्या फुलाबाईला माहीत होतं, आणि तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही.