मशीन काय आपोआप हरवतं?

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव तापट आहे. वह्या गरीब असतात, मुकाट्याने सोसतात, असं तुम्ही ऐकलं असेल. मीही सोसलं. अकरा वर्षं एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सोसलं. आता मात्र बोलणार!

माझं सगळं आयुष्य एका पोलीस चौकीत गेलं. दोनशे पानं, जाड पुठ्ठा, पाठीवर निळ्या कापडाची पट्टी, अशी मी होते. मला आणलं तिथल्या जुन्या कारकुनांनी. त्यांना सगळे बारकाईराव म्हणत, कारण साध्या चष्म्याची नोंद करतानाही त्याची कोणती काडी वाकडी होती, ते विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. चौकीत प्रत्येक तक्रार दोनदा लिहायची पद्धत होती. एकदा मराठीत, तक्रारदाराला वाचून दाखवायला, आणि एकदा इंग्रजीत, मुख्य कचेरीला पाठवायला. इंग्रजी कागदावर जो शब्द पडेल, त्यावरून पुढे कोण धावणार आणि किती धावणार, ते ठरायचं.

एकदा एका आजींच्या खुराड्यातून रात्रीतून कोंबड्या गेल्या. कुणीतरी घाईघाईत 'रॉबरी' लिहून कागद वर पाठवला. दुसऱ्या दिवशी बंदुका घेतलेली आठ माणसं खुराड्याभोवती उभी! आजी बिचाऱ्या घाबरून कॉटखाली जाऊन बसल्या. बारकाईरावांनी कपाळाला हात लावला आणि त्याच संध्याकाळी माझं पहिलं पान उघडलं.

काय सुरेख अक्षर होतं त्यांचं! त्यांनी लिहिलं, थेफ्ट म्हणजे साधी चोरी, कुणाला न विचारता, न कळता नेलेली वस्तू. बर्गलरी म्हणजे घरफोडी, चोरीसाठी कुणाच्या घरात किंवा दुकानात शिरणं. रॉबरी म्हणजे जबरी चोरी, मारून किंवा धाक दाखवून हिसकावणं. त्याला समोर माणूस लागतो, कोंबडी चालत नाही. पिकपॉकेट म्हणजे खिसेकापू. शॉपलिफ्टर म्हणजे गिऱ्हाईक बनून येणारा आणि माल लांबवणारा. फ्रॉड म्हणजे गोड बोलून गंडवणं. आर्सन म्हणजे मुद्दाम लावलेली आग. असे शंभरावर शब्द होते. नवीन शिपाई रुजू झाला की आधी माझ्यासमोर बसे. बारकाईराव त्याला म्हणत, "बाबा रे, आधी ऐक, मग जागा पाहा, आणि मगच शब्द लिही." माझं किती कौतुक व्हायचं तेव्हा! माझ्यावर कुणी चहाचा पेला ठेवला तर ते त्याला दारापर्यंत रागावत जायचे.

मग बारकाईराव निवृत्त झाले आणि नवे कारकून आले. त्यांच्या पाठोपाठ नवे साहेबही आले. साहेबांनी भिंतीवर एक काळा फलक लावला, 'या महिन्यातील घरफोड्या', आणि त्याखाली खडूने शून्य. मुख्य कचेरीने खूश होऊन त्यांना जाड कागदाचं, सोनेरी काठाचं प्रशस्तिपत्र दिलं. ते चौकटीत बसवून फलकाशेजारी टांगलं. तुम्हाला वाटेल, वा, चोर सुधारले! कसले सुधारताहेत! चोऱ्या होत्या तेवढ्याच होत्या. नव्या कारकुनांनी एवढंच शोधून काढलं की एक शब्द लिहिला की कुणालाच धावावं लागत नाही. तो शब्द म्हणजे 'लॉस्ट'. हरवले.

आता माझी गरजच काय राहिली? एक शब्द तर कुणालाही पाठ होतो. आधी माझ्यावर चहाचे पेले आले, मग बिस्किटांचा चुरा आला, आणि एक दिवस टेबलाचा एक पाय आखूड निघाला म्हणून मला त्याखाली सरकवलं. तिथून सगळं ऐकू यायचं, हीच खरी शिक्षा. साखळी तोडून नेलेली सायकल 'हरवली'. छतावर नटबोल्टने बसवलेली पाण्याची मोटर 'हरवली'. एकाची तर खिडकीची लोखंडी जाळी 'हरवली'! अहो, जाळी काय खिशातून पडते? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण टेबलाखालच्या वहीला कोण विचारतो!

आणि मग एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. आदल्या दुपारी त्या शाळेत गणवेशांचा पहिला गठ्ठा पोचवायला गेल्या होत्या. तासाभराने परतल्या, तर दाराची कडी उचकटलेली आणि पायाने चालवायचं त्यांचं लोखंडी मशीन गायब. चाळीस गणवेश अजून शिवायचे होते आणि शाळा पुढच्या सोमवारी उघडणार होती. त्या एकट्या होत्या. त्या मशीनवरच त्यांचं घर चालत होतं. मशीन सापडलं नाही, तर शाळेचं काम जाणार होतं आणि पुन्हा मिळणार नव्हतं.

कारकून लेखणी उचलून म्हणाले, "मावशी, शांत व्हा. ठेवलं असेल कुठेतरी. लिहितो, हरवलं."

"हरवलं?" मावशी म्हणाल्या. "अहो भाऊ, दोघांनी उचलायचं धूड ते! मी काय पिशवीत घालून भाजीला गेले होते? कडी तुटलीय दाराची. चला आणि बघा."

कारकुनांनी आवाज खाली आणला. "घरफोडी लिहिली की जागेवर यावं लागतं, वर कळवावं लागतं. साहेबांचं शून्य जातं हो. आजवर कुणी कुरकुर केली नाही. समजून घ्या जरा."

"मी समजून घेऊ?" मावशी ओरडल्या. "घर माझं फुटलं आणि जपायचं तुमचं शून्य?" आणि त्यांनी टेबलावर असा काही हात आपटला, की टेबल हललं आणि मी पायाखालून निसटून बाहेर पडले. टेबल कलंडलं. चहा सगळा नोंदवहीवर!

मावशींनी मला उचललं. शिवणारा हात तो. उसवलेली शिवण दिसली की त्यांना राहवत नाही. माझी सुटलेली पानं नीट लावता लावता त्या वाचू लागल्या, आणि शेवटच्या पानाशी थांबल्या. मग मोठ्याने वाचलं: "लॉस्ट म्हणजे हरवलेली वस्तू. मालकाच्या विसरण्याने गेलेली. छत्री, चष्मा, किल्ली. जिला दुसऱ्याचा हात लागला, ती हरवली म्हणू नये. तसं लिहिणारा चोराचं काम सोपं करतो."

मग बाकावरचे एक म्हातारे काका काठी टेकत उठले. "माझी सायकल साखळी तोडून नेली, आणि मला कागद दिला हरवल्याचा!" त्यांच्या मागून दूधवाला उठला. त्याच्या दोन बरण्या बंद दुकानातून 'हरवल्या' होत्या. जाळीवाला तर दारातूनच ओरडला. गलका ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी मावशींच्या हातातलं पान वाचलं. लोकांकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं. कान लाल झाले त्यांचे. "घरफोडी लिहा," ते कारकुनांना म्हणाले. "आणि शिपायाला लगेच पाठवा."

आता ऐका, आणि तुम्हीच सांगा संताप येतो की नाही. शिपाई मावशींच्या गल्लीत गेला. समोरच्या इस्त्रीवाल्याने पहिल्याच प्रश्नाला सांगितलं, "दुपारी एक हातगाडी आली होती, चादर टाकलेली. चादरीखालून मशीनचं चाक दिसत होतं. मला वाटलं, दुरुस्तीला चाललंय." हातगाडीवरून जुन्या सामानाचं दुकान सापडलं. तिसऱ्या दिवशी मशीन घरी आलं, आणि त्याच दुकानात काकांची सायकलही निघाली. वर्षभर ती तिथेच उभी होती, चौकीपासून चार गल्ल्या पलीकडे! कुणी विचारायलाच गेलं नव्हतं. एवढंच काम होतं, मित्रांनो. विचारायचं.

मावशींनी पाच दिवसांत चाळीस गणवेश शिवले. नंतर त्या जाड सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन चौकीत आल्या आणि मला मांडीवर घेऊन पाठ शिवू लागल्या. "काय दशा केलीय हिची! शहाण्या माणसाने लिहिलेली वही, आणि हे तिचा टेकू करतात," असं त्यांचं चालूच होतं. कारकून मान खाली घालून ऐकत होते. फलकावर तेव्हा शून्याच्या जागी सात होते. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं होतं. कारकून उठले, भिंतीवरची चौकट काढली, साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. मग कारकुनांनी ते सोनेरी काठाचं प्रशस्तिपत्र बाहेर काढलं, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या पायाखाली सरकवलं. अगदी बरोबर बसलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वही असेल. तिला कुठेतरी कोंबण्याआधी एकदा उघडून वाचा, कुणीतरी ती जीव लावून लिहिलेली असते. तुम्ही छत्री विसरलात, तर हरवली म्हणा, त्यात लाज कसली? पण कुणी नेली असेल, तर नेली म्हणा, ठणकावून म्हणा. आणि समोरचा तरीही 'हरवली' असंच लिहायला लागला, तर टेबलावर जोरात हात आपटा. टेबलाखाली कोण दबलेलं असेल, सांगता येत नाही.